शैलाच्या फोटोवरचे पट्टे

परवा माझ्या भाच्यानं घरातल्या जुन्या निगेटिव्ह कुठूनतरी स्कॅन करून आणल्या आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. एका फोटोत माझे वडील लालबागच्या आमच्या जुन्या खोलीबाहेर उभे आहेत आणि त्यांच्या सदऱ्यावरून एक बारीक उभी रेघ गेली आहे. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, बदाम टाकले. मला मात्र वडलांच्या आधी ती रेघ दिसली आणि तोंडातून शब्द निघून गेला, "रिपीट." नवऱ्यानं विचारलं, "काय?" मी म्हटलं, काही नाही.

तो शब्द तांबे मॅडमचा. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

परळच्या ज्या हॉस्पिटलात मी एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागले, तिथे सुशीला तांबे माझ्या सीनियर होत्या. बुटक्या, काटक, अंगात दोन मापं मोठा पांढरा कोट, आणि बोटांची नखं फिल्म धुवायच्या डेव्हलपरमुळे कायमची तपकिरी. तेव्हा एक्स-रे फिल्मवर निघायचे. अंधाऱ्या खोलीत एकामागून एक टाक्यांत बुडवून फिल्म धुवायची, वाळवायची, मग डॉक्टरकडे पाठवायची. मॅडमचं निम्मं आयुष्य त्या अंधाऱ्या खोलीत गेलं होतं. त्यातली एक सवय त्यांच्या अंगात अशी मुरली होती की कुठलंही दार उघडण्याआधी त्या दोनदा टकटक करून विचारायच्या, "उघडू?" आत कोणी फिल्म धूत असेल तर उजेडानं ती वाया जाते, म्हणून. पण त्या कँटीनच्या दारालाही विचारायच्या. एकदा स्टाफरूममधल्या स्वतःच्याच कपाटाला विचारताना मी त्यांना पाहिलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "विचारलेलं बरं असतं."

फिल्म धुऊन आली की ओली असतानाच त्या ती व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे उजेडाच्या पेटीवर लावायच्या आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघायच्या. हाड नंतर. आधी डाग, आधी चरा, आधी रेघ. काही सापडलं की "रिपीट". दाराशी ट्रॉलीवर पेशंट, मागे रेसिडेंट डॉक्टर चुळबुळ करतोय, आणि मॅडम नवी फिल्म भरतायत.

"मॅडम, फ्रॅक्चर स्वच्छ दिसतंय. रेघ कोपऱ्यात आहे."

"कोपरापण पेशंटचाच आहे, डॉक्टर."

स्टोअरकडून बोलणी यायची, तुमच्या विभागात फिल्म फार वाया जातात. मॅडम मान खाली घालून ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मागून सगळे त्यांना 'रिपीटबाई' म्हणत.

रेघेची एवढी धास्ती कशाला, ते त्यांनी एकदा कँटीनमध्ये आपणहून सांगितलं.

"नोकरीला लागून वर्षपण झालं नव्हतं. आमच्या भोईवाड्यातलाच एक मुलगा, गिरणीत बदली कामगार. पाय मुरगळला म्हणून आला. फिल्म मी काढली. धुवायला घेताना जराशी दुमडली आणि नखाएवढी काळी रेघ उठली, बरोबर हाडावर. डॉक्टरांना वाटलं क्रॅक. घातलं प्लॅस्टर."

"मग?"

"मग काय. बदलीवाल्यासाठी कोण थांबतंय? त्याच्या जागी दुसरा घेतला. पाय चांगला होता, वैशाली. रेघ माझी होती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"नंतर फायली लावताना ती फिल्म हातात आली. दुमड बोटाला लागली." चहाचा कप त्यांनी बशीत ठेवला. "प्लॅस्टर निघालं तेव्हा तो पेढे घेऊन आलेला. मी खाल्ला. नाही कसं म्हणणार?"

त्यानंतर मी त्यांना रिपीटबाई म्हटलं नाही.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. भोईवाड्यातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. आधी आईवडील, मग भाऊ-भावजय आणि त्यांची मुलगी, आणि शेवटी एकट्या मॅडम. त्या चाळीत त्यांची ओळख हॉस्पिटलवाली म्हणून नव्हती, फोटोवाली म्हणून होती. त्याला कारण आमच्या विभागाचे जुने हेड टेक्निशियन परेरा सर. मी त्यांना पाहिलेलं नाही. खोताच्या वाडीत राहायचे, हौशी माणूस. त्यांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मॅडमना देऊन टाकला, आणि ड्यूटी संपल्यावर रिकाम्या टाकीत रोल कसा धुवायचा तेही शिकवलं. मॅडम त्यांची नक्कल करायच्या, मान तिरकी करून, "स्लो, सुशीला, स्लो. बाळाला न्हाऊ घालतेस तशी हलव. फिल्म घाबरते."

चाळीतली बारशी, लग्नं, चौदा एप्रिलची मिरवणूक, पॅसेजमधल्या कॅरमच्या मॅचेस, सगळं मॅडमच्या कॅमेऱ्यात गेलं. आणि काही फोटो कशाचेच नव्हते. नळावर भांडणाऱ्या बायका, जिन्यात अभ्यास करणारी मुलं, गॅलरीत कोणी केस वाळवतंय. छापून मात्र फार थोडे घेतले. बाकीच्या निगेटिव्ह एक्स-रे फिल्मच्या रिकाम्या खोक्यांत भरून माळ्यावर गेल्या, आणि तिथेच राहिल्या.

मॅडम रिटायर झाल्या तोवर हॉस्पिटलात फिल्म संपलीच होती. एक्स-रे थेट कॉम्प्युटरवर दिसू लागला. अंधाऱ्या खोलीत आता सलाईनच्या स्टँडचा साठा असतो. मग चाळ पाडून टॉवर होणार असं नक्की झालं. करार झाले, भाडं मिळणार, रहिवाशांनी दोन-तीन वर्षांसाठी दुसरीकडे जायचं. सगळे आपापली सोय बघू लागले. मॅडमनी माळ्यावरची खोकी खाली काढली.

मला फोन आला. "वैशाली, भाचीनं जुना स्कॅनर पाठवलाय. निगेटिव्हचापण होतो. रविवारी येतेस? तुझे डोळे अजून चांगले आहेत."

तो स्कॅनर म्हणजे काचेची चपटी पेटी. झाकणात दिवा. काचेवर चौकटीत निगेटिव्ह बसवायची, झाकण लावायचं, आणि खालून मशीनचा डोळा सरकत सरकत ती वाचत जातो. लॅपटॉपवर काळ्याचं पांढरं होऊन माणसं दिसू लागतात. मॅडमची योजना सरळ होती. चाळ रिकामी व्हायच्या आत प्रत्येक घराला त्या घराचे फोटो द्यायचे, लिफाफ्यात घालून, नाव लिहून.

पहिल्याच रविवारी पहिल्याच फोटोवर रेघा आल्या. बारीक, वरपासून खालपर्यंत, तारेसारख्या सरळ. मॅडमचा चेहरा हॉस्पिटलात व्हायचा तसा झाला. पण ते कोडं त्यांनी सोडवलं. काच पुसली, तरी रेघा तिथेच. निगेटिव्ह बदलली, तरी तिथेच. मग त्यांना चौकटीच्या टोकाला एक मोकळी फट दिसली. दर वेळी स्कॅन सुरू करण्याआधी मशीन त्या फटीतून दिव्याचा उजेड मोजून घेतं. तिथे काचेवर धुळीचा कण असला की मशीनला वाटतं दिवाच तिथे मंद आहे, आणि तेवढ्या जागेची रेघ सगळ्या फोटोभर ओढली जाते. मॅडमनी मलमलच्या फडक्यानं तेवढी फट पुसली. रेघा गेल्या. त्या दिवशी त्यांनी खाली जाऊन स्वतः भजी आणली.

आणि मग शैलाचा फोटो निघाला.

मॅडमच्या शेजारच्या खोलीत हिराआत्या राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या, तोंडानं फटकळ. मुलगा दिलीप, सून, नातवंडं. मोठी मुलगी शैला एकोणिसाव्या वर्षी काविळीनं गेली होती, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. घरात तिचा फोटो म्हणाल तर शाळेचा एक ग्रुप फोटो, आणि त्यात शैलाचं डोकं तांदळाएवढं. हिराआत्या तो फोटो दाखवताना बोट ठेवायच्या, आणि बोटाखाली तिघीजणी झाकल्या जायच्या.

मॅडमना वाटत होतं की आपण शैलाचा फोटो काढला होता. नक्की आठवत नव्हतं. आणि त्या रविवारी स्क्रीनवर ती आली. गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी, केस मोकळे, कंगवा दातांत धरलेला, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. संध्याकाळचा फोटो असावा, उजेड कमी. पण हसू स्वच्छ दिसत होतं.

तिच्या गालावरून एक रुंद उभा पट्टा गेला होता. फिकट. त्याच्या बाजूला थोड्या अंतरावर दुसरा, मग तिसरा. सगळ्या फोटोभर, गजांसारखे.

मॅडमनी लॅपटॉप बंद करायच्या आधीच हिराआत्या दारात आल्या. "माझी पोरगी गावली म्हणे?"

"सापडली आत्या. पण अजून नीट नाही आली. तोंडावर पट्टा आहे."

"असू दे गो. दाखव."

"दोन रविवार थांबा. चांगला करून देते. चौकटीत घालून."

हिराआत्या दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब घालत, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "दाखव गो, दिसतंय तोवर."

मॅडम हसल्या. मीही हसले. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं असतं तसं ते वाटलं.

त्यानंतरचे महिने मॅडम त्या पट्ट्यांच्या मागे लागल्या. आधी दिव्यावर संशय. दिवा तापल्याशिवाय उजेड सारखा पडत नाही, म्हणून स्कॅनर तासभर आधी लावून ठेवायच्या. पट्टे राहिले. मग विजेवर संशय. चाळीचा पाण्याचा पंप सुरू झाला की बल्ब मिणमिणायचे, तेव्हा मॅडम रविवारी सकाळी गॅलरीतून फिरून सांगायच्या, "अर्धा तास मिक्सर लावू नका हां. आणि पंप कोणी लावला असेल तर बंद करा." लोक ऐकायचे. खालच्या मजल्यावरच्या मोहित्यांच्या सुनेनं एकदा पाहुणे असताना खोबरं पाट्यावर वाटलं. पट्टे राहिले. मग हादऱ्यांवर संशय. पलीकडच्या प्लॉटवर टॉवरच्या पायाचं काम चाललं होतं, दिवसभर जमीन थरथरायची. मॅडमनी स्कॅनर टेबलावरून काढला आणि जमिनीवर, चौघडी घातलेल्या गोधडीवर ठेवला. आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना मांडी घालून, श्वास रोखून बसायचो. पट्टे राहिले.

मधल्या काळात इतर घरांचे फोटोही स्कॅन होत होते. काहींवर पट्टे जास्त, काहींवर कमी, काहींवर शोधूनही दिसायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, जे चांगले आलेत ते तरी देऊन टाकू या."

"मशीन आजारी आहे. आजारी मशीनची फिल्म बाहेर देत नाहीत."

शेवटी त्यांनी फोर्टातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. त्या माणसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"याला बँडिंग म्हणतात, मॅडम. एक करा. निगेटिव्ह चौकटीतून काढा आणि काचेवर आडवी ठेवून परत स्कॅन करा. फोटो आडवा झाला आणि पट्टे उभेच राहिले तर मशीनचे. शैला की कोण म्हणालात, त्यांच्या गालावरच राहिले तर निगेटिव्हचेच."

"निगेटिव्हचे नाहीत."

"बघून तर घ्या."

"भाऊ, ती फिल्म मी धुतलीय. माझ्या हातची आहे. व्ह्यू बॉक्सवर लावून बघितली, काही नाही तिच्यावर. तुम्ही मशीन बघा."

"आणून द्या मग."

फोन ठेवल्यावर मॅडमनी उजेडाची जुनी पेटी लावली आणि मला ती निगेटिव्ह दाखवली. खरंच डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पातळ, करड्या रंगाची निगेटिव्ह, त्यात इवलीशी शैला. "कुठे आहे पट्टा? दाखव." मला दाखवता आला नाही.

स्कॅनर दुकानात गेला. तिथे तो बरेच दिवस पडला. दिवा बदलून परत आला तेव्हा गणपती होऊन गेले होते, आणि चाळीतल्या कितीतरी दारांना कुलपं लागली होती. कोणी विरारला, कोणी कल्याणला, कोणी गावी. हिराआत्यांच्या दिलीपनं बदलापूरला जागा घेतली. त्या निघाल्या त्या दिवशी मी तिथे होते. टेम्पोत सामान चढत होतं आणि हिराआत्या मॅडमच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"सुशे, माझी पोरगी?"

"झालंच आत्या. दिवा नवा घातलाय. मी स्वतः घेऊन येते बदलापूरला."

"ये हां," हिराआत्या म्हणाल्या. जिना उतरताना त्यांनी कठड्याचा एकेक गज हातानं चाचपत धरला होता. मॅडम मागून त्यांची पिशवी घेऊन गेल्या.

नव्या दिव्यानंही पट्टे गेले नाहीत.

पुढच्या वेळी मी गेले तेव्हा मॅडम जमिनीवर स्कॅनरसमोर बसल्या होत्या. चौकट बाजूला काढून ठेवलेली. निगेटिव्हचा तुकडा काचेवर आडवा. झाकण लावून त्यांनीच बटण दाबलं. स्क्रीनवर शैला आडवी आली, झोपल्यासारखी. पट्टेही तिच्याबरोबर आडवे झाले होते. गालावरचा गालावरच होता.

मॅडमनी झाकण उघडून निगेटिव्ह उचलली. मग त्यांनी भिंग घेतलं आणि स्क्रीनवरचा फोटो मोठा करून निगेटिव्हच्या कडा बघितल्या. रोलच्या दोन्ही कडांना भोकं असतात, कॅमेऱ्यात रोल पुढे सरकायला. प्रत्येक पट्टा बरोबर एका भोकासमोर सुरू होत होता.

"मी हलवली," त्या म्हणाल्या.

मला समजलं नाही.

"उजेड कमी होता त्या दिवशी. फिल्म पातळ येणार हे माहीत होतं. म्हणून टाकीत खूप हलवली, वरखाली, वरखाली. वाटलं, जास्त उमटेल. पाणी भोकांतून जोरात आत येतं मग. तिथे तिथे जास्त धुतली गेली." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सर सांगत होते, स्लो."

"पण मॅडम, डोळ्यांना तर काही दिसत नव्हतं."

"एवढ्याशा फरकाला डोळा फसतो. मशीन नाही फसत." मग म्हणाल्या, "मशीन पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो छापून घेतला, पट्ट्यांसकट. पुढच्या रविवारी आम्ही दोघी बदलापूरला गेलो.

दिलीपचं घर चौथ्या मजल्यावर, नवं, रंगाचा वास अजून जायचा होता. हिराआत्या खिडकीशी पलंगावर बसल्या होत्या. मॅडमनी "जयभीम आत्या" म्हटल्यावर त्यांनी आवाजाकडे तोंड वळवलं, पण थोडं बाजूला. दिलीपची बायको हळूच म्हणाली, "काचबिंदू होता ना. डॉक्टर म्हणालेच होते, जाणार म्हणून. दिवाळीच्या आधीच गेलं सगळं."

मॅडमच्या हातात चौकट होती. त्यांनी ती हिराआत्यांच्या मांडीवर ठेवली. आत्यांनी काचेवरून तळवा फिरवला.

"आणलास?"

"आणला."

"मग आता तूच सांग. काय काय आहे त्यात?"

मॅडम पलंगाच्या कडेवर बसल्या. "गॅलरी आहे. आपलीच. कठड्याला टेकून उभी आहे. केस सोडलेत, ओले आहेत बहुतेक."

"कुठपर्यंत?"

"कंबरेच्या खाली."

"व्हतेच तेवढे. अंगात काय?"

"पोलका. बारीक फुलांचा. दातांत कंगवा धरलाय."

"तोंड दिसतं की कंगवाच?"

"दिसतं. हसतेय. पुढचा एक दात जरा वाकडा आहे."

हिराआत्या हसल्या. "मग तीच." त्यांनी काचेवर परत हात फिरवला, नेमक्या जागी बोट ठेवायचं असावं तसा, पण बोट नुसतंच फिरत राहिलं. मग त्यांनी विचारलं, "ते पट्टे गेले का गो?"

मॅडमना खोटं बोलता आलं असतं. मी मनात म्हणतही होते, हो म्हणा.

"नाही गेले आत्या. ते निगेटिव्हमध्येच होते. माझ्याच हातून झालेले."

"म्हणजे जाणारच नव्हते?"

"नाही."

"मग त्याच दिवशी देता आला असता."

"हो."

हिराआत्या रागावल्या नव्हत्या. हिशोब नीट लागला का ते बघत असाव्यात तसं त्या म्हणाल्या, "तवा मला दिसत होतं."

दिलीपची बायको आत गेली. मग हिराआत्यांनीच हाक मारली, "सूनबाई, चा टाक. लांबून आलीत ती." आणि मॅडमना म्हणाल्या, "पुन्हा सांग. केसांपासून सांग."

मॅडमनी पुन्हा सांगितलं. आम्ही निघेपर्यंत तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी हिराआत्याच पुढचं पुढचं बोलत होत्या आणि मॅडम फक्त "हो" म्हणत होत्या.

परतताना मॅडम सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होत्या. दादरला उतरल्यावर मी म्हटलं, "मॅडम, त्यांची नजर जाईल हे तुम्हाला काय माहीत होतं?" त्या म्हणाल्या, "आत्यांनी सांगितलं होतं. दारात उभं राहून, आपल्या दोघींना." आणि रस्ता ओलांडून निघून गेल्या.

त्यानंतर त्यांनी एकही फोटो अडवला नाही. जसे आले तसे छापले, लिफाफ्यांत भरले. चाळीत उरलेल्या घरांत मी त्यांच्याबरोबर फिरले. मोहित्यांचं दार तोवर बंद झालं होतं. तळमजल्यावरच्या एका काकांना त्यांच्या लग्नातला फोटो दिला. मॅडम म्हणाल्या, "माफ करा, इथे बाजूला पट्टा आलाय."

काकांनी फोटो दूर धरून बघितला, जवळ आणून बघितला. "कुठाय? हा होय? मला वाटलं मांडवातनं ऊन आलंय." आणि मग ते बायकोच्या फोटोकडे असे बघत राहिले की आम्ही तिथे आहोत हे विसरले.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "कोणी रेघ बघतच नाही गं." त्यात समाधान नव्हतं.

निम्म्याहून जास्त लिफाफ्यांची माणसं निघून गेलेली होती. काहींचे फोन लागत नव्हते. काही माणसंच राहिली नव्हती, आणि त्यांची मुलं कुठे असतात ते कोणाला ठाऊक नव्हतं. चाळ रिकामी झाली. मॅडमनी नायगावात भाड्याची खोली घेतली. हिराआत्यांकडे त्या दर महिन्याला जात, असं दिलीपच्या बायकोनं मला नंतर सांगितलं. जात आणि फोटो सांगत.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते भोईवाड्याच्या कोर्टासमोरच्या बसस्टॉपवर. दुपारची वेळ. मी रस्त्याच्या या बाजूला, त्या पलीकडे, खांद्याला कापडी पिशवी. मला बघून त्यांनी हात वर केला आणि रहदारीच्या वरून मोठ्यानं सांगितलं, "मोहित्यांचा पत्ता लागला. नालासोपाऱ्याला आहेत."

"कधी जाताय?"

"ही काय, निघाले."

"रविवारी जाऊ या ना मॅडम. मी येते बरोबर."

त्यांनी नाही अशी मान हलवली. बस आली आणि आमच्या मध्ये उभी राहिली. ती सुटली तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, एक लिफाफा आधीच बाहेर काढलेला, आणि पुढच्या सीटवरच्या बाईला त्याच्यावरचा पत्ता दाखवून त्या काहीतरी विचारत होत्या.